धरणारे हात

जनाना बराकीत तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. कैदी बायका म्हणायच्या, पहाऱ्यावरच्या बायका म्हणायच्या, आणि फाटकावरचे शिपाई तर तिच्याहून वयाने मोठे असूनही मावशीच म्हणायचे. खरं तर मावशी म्हणून हाक मारावी असं तिच्यात वरवर पाहता काहीच नव्हतं. हाडापेराने दणकट बाई, चेहरा कायम आंबट, बोलणं तोडून. कुणी म्हणालं, “मावशी, हसा की जरा,” तर म्हणायची, “हसायचा पगार वेगळा मिळत नाही.”

तिचा नवरा याच तुरुंगात शिपाई होता. विषमज्वराने आठवड्याभरात गेला. पाठीमागे राहिली ती, आणि मोतीबिंदूने जवळजवळ आंधळा झालेला सासरा. तुरुंगाच्या भिंतीला लागून शिपायांच्या खोल्यांची चाळ होती, त्यातली त्यांची खोली रिकामी करायचा हुकूम निघाला होता. तेवढ्यात जनाना बराकीत पहाऱ्याला एक बाई कमी पडली, जेलरला तिच्या नवऱ्याची आठवण झाली, आणि हिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आला. खोली वाचली. सासऱ्याच्या दृष्टीने ते फार मोठं काम झालं, कारण त्या खोलीत तो हाताने बघायचा. पाण्याचा माठ कुठे, दोरी कुठे, चुलीची कड कुठे, सगळं त्याच्या बोटांना पाठ होतं. बाहेरचा माणूस आला तर त्याला पत्ताही लागायचा नाही की म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून.

नोकरी लागली त्या दिवशी त्याने सुनेला एकच उपदेश केला. “सूनबाई, तिथं डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं, पण घरी येताना दोन्ही फाटकावर जमा करून यायचं. माझ्या लेकानं तेच केलं.”

मावशीने ते शब्द कित्येक वर्षं पाळले. बराकीत चोऱ्या करणाऱ्या बायका होत्या, दारू गाळणाऱ्या होत्या, नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातलेली एक होती. मावशी कुणाला उगाच छळत नसे आणि कुणाची कणव घेऊन बसतही नसे. कुलूप लावायची, कुलूप काढायची.

मग एका सकाळी मास्तरीण आली.

तिच्या हातात बेड्या होत्या आणि सोबत इतके बंदूकवाले की जणू वाघीण पकडून आणली आहे. प्रत्यक्षात निघाली चष्मा लावलेली किडकिडीत बाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. बाप सरकारी कचेरीत कारकून, घरात साहेबाच्या सहीची पूजा. तिच्या धाकट्या भावाने स्वराज्याच्या मिरवणुकीत झेंडा धरला, एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने लाठीचा हुकूम दिला, आणि डोक्याला मार लागलेला भाऊ शुद्धीवर आलाच नाही. बाप रडला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गेला. बहीण रडली नाही. एका गुप्त मंडळात शिरली, वर्षभर कुणाला लपव, कुणाला जेवू घाल, कुणाचं पिस्तूल पोचव अशी कामं केली, आणि शेवटी स्वतःच त्या अधिकाऱ्याच्या घोडागाडीसमोर जाऊन उभी राहिली. गोळी झाडली. ती लागली गाडीवानाला. अधिकारी वाचला, गाडीवानाचा हात खांद्यापासून कापावा लागला.

कोर्टात न्यायाधीशाने विचारलं, “पश्चात्ताप होतो का?” ती म्हणाली, “ज्याला गोळी लागली त्याची मी गुन्हेगार आहे. ज्याला मारायची होती त्याची नाही.” शहरभर हे वाक्य पसरलं होतं. मावशीच्याही कानावर आलं होतं, पण ते तिने फाटकावर जमा केलं होतं.

शिकलेली म्हणून मास्तरणीला वेगळी खोली, खाट, घरचं जेवण असा दर्जा देऊ केला गेला. तिने विचारलं, “आणि या सगळ्या जणींना?” नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग मला पण नको.”

पहाऱ्यावरच्या बायकांची मुख्य होती जमादारीण. तिने कपाळाला हात लावला. “अगं, खाट नको म्हणते! आमच्या घरी खाट असती तर मी नवऱ्याला खाली झोपवला असता.”

मास्तरीण इतरांबरोबर घोंगडीवर झोपू लागली. दिवसा तिला कैद्यांचे कपडे शिवायचं काम होतं. मावशीचा पहारा असला की ती सुई चालवता चालवता बोलायची. मावशी सहसा उत्तर द्यायची नाही. पण ऐकत नव्हती असंही नाही.

“मावशी, या तुरुंगात गोरे किती?”

“एक. मोठे साहेब.”

“मग एकटा माणूस एवढ्या सगळ्यांना कोंडून कसा काय ठेवतो?”

“बंदुका आहेत.”

“त्या कुणाच्या हातात आहेत?”

मावशीला कळलं की बाई आपल्याला गणित घालते आहे. ती फटकन म्हणाली, “बाई, पोट असतं माणसाला.”

मास्तरणीची सुई थांबली. ती हळूच म्हणाली, “खरं आहे. त्या गाडीवानालाही होतं. म्हणूनच तो तिथं बसला होता. आणि मी त्याला बघितलंच नव्हतं, मावशी. मला फक्त मागं बसलेला साहेब दिसत होता. मंडळातली मुलं म्हणाली, असं होतंच, लढाईत होतंच. मला ते पटत नाही. माणूस दिसेनासा होतो तिथं साहेबाचं राज्य सुरू होतं. मग ते गोऱ्याचं असो की आपलं.”

“मग पुन्हा संधी मिळाली तर?” मावशीच्या तोंडून निघून गेलं.

“माहीत नाही. रोज उलटसुलट ठरवते. पण एवढं कळलंय, एक साहेब मेला की दुसरा बोटीनं येतो. त्याच्यासाठी दार उघडणारे हातच मिळाले नाहीत, तर तो करील काय?”

मावशीने किल्ल्यांचा जुडगा कमरेला नीट खोचला आणि दुसऱ्या टोकाला निघून गेली. त्या दिवशी घरी गेल्यावर सासऱ्याने विचारलं, “आज गप्प का गं?” ती म्हणाली, “मी रोजच गप्प असते, मामंजी.” म्हातारा म्हणाला, “रोजचं गप्प वेगळं असतं.”

बराकीच्या मागच्या छपरीत दगडी चक्क्या होत्या. तुरुंगाला लागणारं पीठ कैदी बायका दळायच्या. त्यात एक टोपल्या विणणारी तरुण बाई होती, कुणाच्या तरी परसातून बांबू चोरले म्हणून आत आलेली. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तिने काम बदलून मागितलं. जमादारणीने ते वर सांगितलं, वरून उत्तर आलं की नियमात तसं काही लिहिलेलं नाही. एका दुपारी चक्कीवरच तिला कळा सुरू झाल्या. मावशी धावत जमादारणीकडे गेली, जमादारीण जेलरकडे, जेलर मोठ्या साहेबाकडे, आणि साहेब जेवायला बसले होते. बाहेरून सुईण आणायची तर साहेबाची सही हवी. सही येईपर्यंत मास्तरणीने आणि त्या वरवंटेवालीने मिळून जमेल तसं बाळंतपण केलं. मूल रडलं नाही. मुलगी होती.

मोठे साहेब, म्हणजे सुपरिंटेंडेंट, संध्याकाळी फेरीला आले. त्यांना आपली भाषा येत होती, पण हुकूम सोडण्यापुरतीच. रिकाम्या चक्कीकडे छडी करून त्यांनी विचारलं, “हिचं पीठ कोण देईल?”

दुसऱ्या दिवसापासून मास्तरणीने अन्न सोडलं. मागण्या दोनच. पोटुशा आणि बाळंत बायकांना चक्की नको, आणि सुईण बोलवायला साहेबाची सही नको. स्वतःसाठी काही नाही. साहेबाला तेच झोंबलं. खाट मागितली असती, वर्तमानपत्र मागितलं असतं, तर देऊन मोकळे झाले असते. पण एका बांबूचोर बाईसाठी सरकारने मान खाली घालायची?

पहिले काही दिवस सगळ्यांना वाटलं, बाई मोडेल. ती मोडली नाही, नुसती वाळत गेली. चष्मा नाकावरून घसरायला लागला तेव्हा तिने तो काढून उशाशी ठेवला. पाणी आणि मीठ तेवढं घ्यायची. साहेबाने तुरुंगाच्या डॉक्टरला हुकूम दिला: नळीने दूध घाला.

डॉक्टर आपल्यातलाच, तरुण, नुकतं लग्न झालेला. त्याने हुकूम वाचला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण हुकूम तो हुकूम. आता अडचण अशी की पुरुष शिपायांनी कैदी बाईला हात लावायचा नाही असा सरकारचाच नियम, आणि त्याची बोंब वर्तमानपत्रांत झाली असती. तेव्हा धरायचं काम बायकांवर आलं. पहाऱ्याला होत्या तिघीच: जमादारीण, मावशी, आणि नव्याने लागलेली एक उंच, घाबरट पोर, जिला सगळ्या शिडी म्हणायच्या.

रोज सकाळी हा प्रकार चालू झाला. जमादारीण पायांवर बसायची, शिडी हात धरायची, आणि मावशीकडे होतं डोकं. बळकट म्हणून. मास्तरणीचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरायचं, जरासुद्धा हलू द्यायचं नाही. डॉक्टर रबरी नळीला तेल लावून नाकपुडीतून आत सरकवायचा, वर नरसाळं धरून दूध ओतायचा. मास्तरीण शिव्या देत नव्हती, चावत नव्हती. शेवटच्या क्षणापर्यंत झटायची आणि डोळे उघडे ठेवायची. मावशीचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर उलटा, वीतभर अंतरावर. बघायचं नाही म्हटलं तरी बघावंच लागे. संपलं की निम्मं दूध उलटून पडायचं, नाकातून रक्त यायचं. मावशी ओल्या फडक्याने ते पुसायची.

घरी आल्यावर मावशी हात घासत बसायची. म्हातारा आवाजावरून ओळखायचा. “सूनबाई, किती धुशील?”

“दुधाचा वास जात नाही, मामंजी.”

असं चालू असताना एके सकाळी नळी चुकली.

मास्तरणीला खोकल्याची उबळ आली होती. डॉक्टर म्हणाला, “जरा थांबू.” पण त्या दिवशी साहेब स्वतः दाराशी उभे होते. त्यांनी छडीने दार वाजवलं. डॉक्टरने नळी सरकवली, दूध ओतलं, आणि मावशीच्या हातांत ते डोकं एकदम असं ताठलं की याआधी कधी ताठलं नव्हतं. ओठ निळे पडले, डोळे फिरले. दूध पोटात न जाता फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टर किंचाळला, “सोडा! सोडा तिला! पालथी करा!” त्याने नळी ओढून काढली. मावशीने मास्तरणीला उचलून आपल्या मांडीवर पालथं घातलं आणि पाठीवर थापा मारत सुटली, एखाद्या तान्ह्या पोराला माराव्या तशा. शिडी भिंतीला टेकून उभी होती. दूध पडलं, रक्त पडलं, आणि कितीतरी वेळाने घशातून घर्र असा आवाज आला. श्वास होता.

साहेबाने डॉक्टरला विचारलं, “जिवंत आहे?”

“आहे.”

“मग उद्या पुन्हा.” आणि ते गेले.

दुपारपर्यंत मास्तरीण तापाने फणफणली. छातीतून आवाज येत होता. डॉक्टर दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा त्याने मावशीच्या नजरेला नजर दिली नाही. दाराबाहेर मावशीने त्याला गाठलं. “डॉक्टरसाहेब, उद्या पुन्हा नळी घातली तर काय होईल?”

तो खूप वेळ आपल्या पेटीची कडी उघडझाप करत राहिला. “मावशी, तुम्ही विचारू नका. मला सांगावं लागेल.”

आत मास्तरणीला शुद्ध आली होती. मावशीने तिच्या कपाळावर फडकं ठेवलं. आसपास कुणी नव्हतं.

“बाई, सोडा आता. हात जोडते. एवढ्याशा गोष्टीसाठी जीव द्यायचा?”

“एवढ्याशा?” आवाज जेमतेम बाहेर येत होता. “ते मूल तुम्ही फडक्यात गुंडाळलंत ना, मावशी?”

मावशीनेच गुंडाळलं होतं.

“मी मरायला बसलेले नाही,” मास्तरीण म्हणाली. “मला जगायचंय. पुष्कळ कामं आहेत. पण मी इथं हरले तर या बायकांना कायमचं कळेल की मागून काही मिळत नाही. मग पुढं दीडशे वर्षं कुणी मागणार नाही.”

“आणि उद्या सकाळी काय करायचं मी?” मावशी एकदम भडकली. “सांगा ना! तुम्ही बसलात आडव्या होऊन, डोकं तर माझ्या हातात असतं! मेलात तर माझ्या हातात मराल! मला का घातलंत यात?”

मास्तरणीने डोळे मिटले. “मी नाही घातलं, मावशी. त्यांनी घातलं. मी तुम्हाला काहीच सांगणार नाही. एका गाडीवानाचा हात मी घेतलाय. दुसऱ्या कुणाचं काही मागायचा मला हक्क उरलेला नाही.”

तिने ‘नाही म्हणा’ असं सांगितलं असतं तर मावशीला बरं झालं असतं. रागाने तरी धरलं असतं.

त्या संध्याकाळी तिने सासऱ्यापाशी फाटकावर जमा केलेलं सगळं एका दमात ओतलं. नळी, निळे ओठ, ते फडक्यात गुंडाळलेलं मूल. म्हातारा ऐकत राहिला. त्याची बोटं चुलीच्या कडेवरून मागेपुढे फिरत होती.

“खोली जाईल,” तो म्हणाला.

“जाईल.”

“मी नव्या जागी ठेचकाळत मरेन गं.”

“माहीत आहे, मामंजी. म्हणून तर तुम्हाला विचारते.”

“मला नको विचारू!” म्हातारा ओरडला. “मी नाहीच म्हणणार. मी भित्रा माणूस आहे. माझा लेकही भित्रा होता. फटके मारायच्या दिवशी घरी येऊन ओकायचा, तुला सांगायचा नाही. पोट बिघडलं म्हणायचा.” मग जरा थांबून म्हणाला, “भित्र्या माणसाला विचारून काही करू नये.”

दोघंही जेवली नाहीत.

सकाळी खोलीत सगळे हजर होते. साहेब, जेलर, डॉक्टर, जमादारीण, शिडी. नरसाळं, तेल, दुधाचं भांडं. मास्तरीण तापाने इतकी गळून गेली होती की तिला धरायची गरजच नव्हती असं वाटावं. जमादारीण पायांवर बसली. डॉक्टरने नळी हातात घेतली आणि डोक्याच्या बाजूला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मावशी दाराजवळच उभी होती.

“मावशी,” जेलर म्हणाला, “जागेवर ये.”

“मी धरणार नाही.”

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. जमादारणीने मान वळवून तिच्याकडे असं बघितलं की जणू मावशी मराठी सोडून दुसरंच काही बोलली.

साहेब सावकाश वळले. “काय म्हणते ती?”

“साहेब, काल ही माझ्या हातात मरत होती. आज धरलं तर मरेल. मी पहारा देईन, कुलूप लावीन, पळाली तर धावून पकडीन. पण डोकं धरणार नाही.”

“तुझी नोकरी जाईल.”

“हो.”

“खोली आजच्या आज जाईल.”

मावशीने मान हलवली.

साहेबाने छडी शिडीकडे केली. “तू. डोकं.” शिडीने एक पाऊल टाकलं, मास्तरणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसून हमसून रडू लागली. जमादारीण मात्र उठली. ती सरकारशी इमानी बाई होती. तिने जाऊन डोकं धरलं. पण आता पाय मोकळे, हात मोकळे.

“आणखी बायका आहेत,” साहेब म्हणाले आणि ताडताड बराकीत गेले. कैदी बायका रांगेने उभ्या केल्या गेल्या. जेलरने जाहीर केलं, की जी पुढे येऊन धरील तिची शिक्षा निम्मी माफ. कुणाच्या घरी पोरं होती, कुणाचे आईबाप खाटेला खिळलेले. निम्मी शिक्षा म्हणजे थट्टा नव्हे. मावशी दारातून बघत होती आणि तिचा जीव कानांत गोळा झाला होता. कारण एक जण खरंच पुढे आली. बराकीतली सगळ्यात मुरलेली चोर, आयुष्यभर आतबाहेर करणारी. तिची तर कितीतरी वर्षं बाकी होती.

“शाबास,” साहेब म्हणाले. “चल.”

ती बाई जागची हलली नाही. आपले दोन्ही हात तिने पुढे करून उलटेसुलटे बघितले आणि म्हणाली, “साहेब, मी सांगायला आले. माझ्या या हातांवर सरकारनं तीनदा कोर्टात अविश्वास दाखवलाय. एवढं नाजूक काम माझ्यावर कसं सोपवता?”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. हसू दाबायचा जी ती प्रयत्न करत होती, त्यामुळे ते अधिकच पसरत गेलं. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्यांना शब्द कळले होते, पण सगळ्या हसतात का ते कळत नव्हतं. ते परत आले आणि डॉक्टरवर ओरडले, “एकीनं धरलंय. घाल नळी.”

डॉक्टरने नळी भांड्यात ठेवली. “तिघींनी धरल्याशिवाय घालता येत नाही, साहेब. मी तसं लेखी देतो.” एवढंच तो बोलला. पण बोलला. त्या दिवसापुरती नळी टळली.

दुपारी मावशीचं सामान चाळीच्या ओट्यावर आलं. शेजारपाजारच्या बायका दारं लोटून आत बसल्या. जमादारीण तेवढी आली. ती कडाडून भांडली, “मूर्ख आहेस! तू गेलीस, आता माझ्या डोक्यावर सगळा पहारा! माझ्या गुडघ्यांचा विचार केलास?” आणि भांडता भांडता तिने माठ उचलून हातगाडीवर ठेवला, म्हाताऱ्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

निघताना जेलर येऊन बजावून गेला, की आत काय झालं ते बाहेर बोललीस तर तुलाच आत घालू. मावशी सासऱ्याला एका ओळखीच्या धोब्याच्या पडवीत बसवून सरळ मास्तरणीच्या वकिलाच्या घरी गेली. त्याने तिला आधी भिकारीण समजून घरच्यांना आतून काही खायला आणायला सांगितलं. ती म्हणाली, “मला खायला नको. मला सांगायचंय.” आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं.

वकिलाने विचारलं, “हे मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगाल? तुम्हाला अटक होऊ शकते, हे समजून सांगा.”

“अटक झाली तर कुठं नेतील?”

“त्याच तुरुंगात.”

“मग काय,” मावशी म्हणाली, “तिथं माझी ओळख आहे.”

तिने जबानी दिली. सरकारी वकिलाने तिला तासभर आडवंतिडवं विचारलं, कुणाकडून पैसे खाल्लेस, कुणी पढवलं. तिने दर वेळी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. डॉक्टरला बोलावलं तेव्हा तो नाही म्हणू शकला असता, पण तो म्हणाला, “बाई खरं बोलते.” वर्तमानपत्रांत छापून आलं. शहरात दुकानं बंद झाली. सरकारला बाईचं मरण परवडणारं नव्हतं. वरून हुकूम आला: पोटुशा आणि बाळंत बायकांना हलकं काम, आणि सुईण बोलवायचा अधिकार जमादारणीला. चौकशीत साहेबावर काहीही ठपका आला नाही. त्यांची बदली मोठ्या तुरुंगावर झाली.

मास्तरणीने उपोषण सोडलं, पण तिची छाती कायमची अधू झाली. तिला लांबच्या तुरुंगात हलवलं. मावशीला अटक झाली नाही. नुसती कुठे नोकरी मिळेना. सासरा नव्या जागी खरोखरच ठेचकाळला. धोब्याच्या पडवीच्या पायरीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि थंडी संपायच्या आत गेला. शेवटपर्यंत त्याने सुनेला बोल लावला नाही. पण पायरीला मात्र रोज शिव्या घालायचा, आणि मावशीला कळायचं की त्या कुणाला आहेत.

पुढे एका प्रसूतिगृहात तिला आयाचं काम मिळालं. तिथेच ती सुईणपण शिकली. चेहरा तसाच आंबट, बोलणं तसंच तोडून.

देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी एका सकाळी मास्तरीण तिथे आली. केस पिकलेले, बोलताना दम लागत होता. तिने मावशीला मिठी मारली नाही, मावशीनेही तिला मारली नाही. दोघी बाकावर बसल्या.

“तुमचं नाव देशभक्तांच्या यादीत घालायला मी सांगितलंय,” मास्तरीण म्हणाली.

“काढायला सांगा. मी देशासाठी काही केलं नव्हतं. मला तुमचं डोकं धरवेना, एवढंच.”

मास्तरीण हसली, मग खोकली. “तुरुंग बघून आले काल. मंत्र्यांशी भांडले. राज्य आपलं, पण बायकांच्या बराकीत अजून चक्कीच. हलकं काम म्हणून आता पोटुशींना धान्य निवडायला बसवतात, दिवसभर, उकिडवं. मी म्हटलं, पुन्हा उपोषणाला बसेन.”

“या छातीनं?”

“दुसरी कुठून आणू?” जरा वेळाने तिने विचारलं, “मावशी, खरं सांगा. माझा राग आला होता?”

“आला होता,” मावशी म्हणाली. “मामंजी गेले तेव्हा तर फार. मनात म्हटलं, ही बाई आलीच नसती तर बरं. अजून कधीकधी येतो.”

मास्तरणीने मान हलवली. तिने माफी मागितली नाही. त्या गाडीवानाकडे ती सुटल्यावर गेली होती, त्याने दार लावून घेतलं होतं, हे तिने तेव्हा सांगितलं. वर्षातून एकदा अजून जाते म्हणाली. एकदा त्याच्या बायकोने पाणी दिलं होतं.

आतून कुणीतरी हाक मारली, “मावशी, लवकर या, हिची वेळ झाली!”

मावशी उठली, पदर खोचला. “बसा तुम्ही. जाऊ नका लगेच. पहिलटकरीण आहे, वेळ लागेल.”

“बसते,” मास्तरीण म्हणाली. चष्मा काढून तिने पुसला आणि भिंतीला पाठ टेकून ती दाराकडे बघत बसली.